रात्री फक्त जेली

२ नोव्हेंबर

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. रोज तोंडाला काय लावलं, काय झालं, ते लिहून आणायचं. मी स्टेशनजवळच्या दुकानातून दोन वह्या आणल्या. एक त्यांना दाखवायची. ही कुणालाच दाखवायची नाही.

मी ज्ञानेश्वरी. वय एकोणचाळीस. जुईनगरला माझं पार्लर आहे, अकरा वर्षं झाली. एक गाळा, दोन खुर्च्या, तीन आरसे. बाहेरच्या बोर्डावर माझाच फोटो आहे. बायका तो बघून आत यायच्या आणि म्हणायच्या, मला असा चेहरा पाहिजे. आता मी बोर्डाखालून जाताना मान खाली घालते. दोन्ही गाल लाल, हनुवटीवर बारीक पुरळ, उन्हात गेलं की निखारा ठेवल्यासारखं होतं. कानाजवळ लव वाढली आहे. दाढी येते की काय अशी भीती वाटते.

डॉक्टर ऋता नेरुळला बसतात. माझ्यापेक्षा लहानच असतील. भिंग धरून त्यांनी बराच वेळ गाल बघितला आणि म्हणाल्या, "किती वर्षं लावताय?"

"काय?"

"जे लावताय ते."

मी पर्समधून डबी काढली. पांढरी, छोटी, वर नाव नाही, गाव नाही. पार्लरला माल देणारा सुधीर आणतो. आम्ही तिला नुसतं नाइट क्रीम म्हणतो. चार वर्षं झाली.

"ह्यात स्टेरॉइड असणार. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी कागदासारखी पातळ होते. आजपासून बंद. आधी चेहरा आणखी बिघडेल, मग सुधारेल. चार-पाच महिने लागतील. टिकाल?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार? त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. मग म्हणाल्या, "रात्री तोंड साध्या पाण्याने धुवायचं, नुसतं टिपायचं, आणि ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली. तुरीच्या दाण्याएवढी."

"आणि?"

"आणि काही नाही."

माझ्या कपाटात सत्तावीस प्रकारची क्रीम आहेत. आणि ह्या बाई मला टाचेला लावायची वस्तू तोंडाला लावायला सांगतात.

३ नोव्हेंबर

लावली. चिकट. केस गालाला चिकटले, उशीला डाग पडला. सासूबाईंनी माझं चकाकणारं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं मोठं पार्लर काढलंस न् शेवटी जेलीवरच आलीस व्हय?"

आमच्या सासूबाईंचं नाव राजाबाई आहे, आणि त्या नावाप्रमाणेच बोलतात.

८ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं. बिघडलं. सकाळी डोळ्यांखालचा भाग सुजलेला असतो. गालाची सालं निघतात. बोललं तरी ताण पडतो. रात्री जेली लावली की तेवढं अर्धा तास बरं वाटतं, वाऱ्यापासून कुणीतरी झाकून घेतल्यासारखं. मग पुन्हा आग.

पार्लरमध्ये मास्क लावून काम करते. सगळ्यांना सांगितलं, धुळीची ॲलर्जी आहे. पलीकडे बिल्डिंगचं काम चालू आहे, त्यामुळे पटतं.

१२ नोव्हेंबर

खोटं कशाला लिहू? काल मी ते क्रीम लावलं. थोडंसंच. आठ रात्री झोप नाही, आणि आज दोन गिऱ्हाइकं फेशियलला येणार होती. सकाळी उठले तर चेहरा शांत! गुळगुळीत. मी आरशापुढे उभी राहून हसले. वाटलं, डॉक्टर उगाच घाबरवतात.

दुपारी चार वाजता पुन्हा सुरू झालं, आणि दुप्पट. ब्लीच करता करता हात थांबला. गिऱ्हाईक म्हणाली, "ताई, रडताय का?" मी म्हटलं, अमोनियाच्या वासाने होतं कधीकधी.

दाखवायच्या वहीत अकरा तारखेपुढे लिहिलं: 'जेली लावली. सकाळी एकदम बरं, दुपारी दुप्पट आग.'

१८ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वही वाचली, माझा गाल बघितला, पुन्हा वही बघितली. "अकरा तारखेला काय लावलं होतं?"

मी पर्सची चेन उघडझाप करायला लागले.

"होतं असं. सगळ्यांचं होतं. पण तुम्ही खोटं लिहिलंत तर मी चुकीचं औषध देईन." रागावल्या नाहीत, त्यामुळेच जास्त लागलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे क्रीम तुम्ही पार्लरमध्ये विकत नाही ना?"

"छे," मी म्हटलं. "माझ्यापुरतं होतं."

परत आले तर श्रुती वाट बघत बसली होती. सेक्टर पंचवीसच्या अरुणाताईंची मुलगी. बँकेत आहे. फेब्रुवारीत लग्न, मुलगा उरणचा, अभिराम. श्रुती सावळी आहे आणि हसली की खूप गोड दिसते. पण अरुणाताईंच्या डोक्यात लग्नाचे फोटो आहेत. गेल्या महिन्यात त्यांनीच तिला माझ्याकडे आणलं होतं, "लग्नापर्यंत जरा उजळ कर गं हिला." तेव्हा मी एक डबी दिली होती. आज ती संपली म्हणून दुसरी न्यायला आली होती.

मी दिली. हात कपाटापर्यंत गेला, डबी काढली, पिशवीत घातली. एवढंच. धंदा आहे. सगळ्यांनाच काही माझ्यासारखं होत नाही.

३० नोव्हेंबर

आमचे हे अलीकडे माझ्याजवळ बसत नाहीत. हे म्हणजे कृष्णात, माझे मिस्टर. वाशीच्या मसाला मार्केटला माथाडी आहेत, मिरचीची पोती उचलतात. पूर्वी घरी आले की आधी चहा घेत माझ्याशेजारी बसायचे, मग आंघोळ. आता मार्केटमधूनच आंघोळ करून, कपडे बदलून येतात. आले की लांबच्या खुर्चीवर बसतात. झोपायलाही हॉलमध्ये सतरंजी टाकतात. मी विचारलं तर म्हणाले, "तिकडं वारा चांगला लागतोय."

नोव्हेंबर संपत आला आणि वाऱ्याला झोपतात. मला कळत नाही असं वाटतं का त्यांना? असलं तोंड शेजारी कुणाला आवडेल?

दर्शू मात्र सुंदर दिसायला लागली आहे. माझी मुलगी, प्रियदर्शिनी, अकरावीला आहे. दोन-तीन महिन्यांत काय रंग उजळलाय पोरीचा! शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "पार्लरवालीची पोरगी शोभते." वयच तसं आहे. तिच्याकडे बघून माझं मन जरा निवतं.

घरात ठेवलेली माझी जुनी डबी अर्धी झाली आहे. मी तर हातही लावत नाही. सासूबाई गुडघ्याला चोळत असतील. त्यांना दिसेल ते चोळायची सवय आहे.

१९ डिसेंबर

लिहायला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं चांगलंच होतं आणि दृष्ट लागेल असं वाटत होतं. सुधारतंय! सूज गेली. पहिल्यांदाच तीन रात्री सलग झोपले.

आता जेलीचा हात बसला आहे. बोटांत चोळून आधी पातळ करायची. मग गालावर घासायची नाही, नुसती दाबत दाबत जायचं. डोळ्यांच्या कडेला, नाकाच्या बाजूला, ओठांवर. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं: जेली स्वतः काही देत नाही, पण चेहऱ्यात असलेलं पाणी उडू देत नाही. म्हणून ओल्यावर लावायची. खाली कातडी आपली आपण दुरुस्त होते. "पण उठून सगळ्यांना सांगत सुटू नका," त्या म्हणाल्या. "ज्यांना पुरळ येतं, तेलकट चेहरा आहे, त्यांनी आधी विचारायचं."

अकरा वर्षं मी बायकांना सांगत आले की चेहऱ्याला हे पाहिजे, ते पाहिजे, आतून पोषण पाहिजे. चेहऱ्याला नुसतं सोडून द्यायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दर्शूचा कॉलेजचा एनएसएसचा कॅम्प आहे, कर्जतकडे एका गावात, सात दिवस. पिशवी भरताना चार वेळा बाथरूममध्ये गेली, कपाटात काहीतरी शोधत होती. म्हटलं, काय पाहिजे? म्हणाली, काही नाही.

२७ डिसेंबर



दर्शू कॅम्पवरून आली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली. मला वाटलं ऊन लागलं असेल. ओढणी काढली आणि मला माझाच चेहरा दिसला. नोव्हेंबरातला. तोच लालपणा, तेच पुरळ, डोळ्यांखाली तीच सूज.

"काय लावत होतीस?" मी विचारलं. विचारायच्या आधीच कळलं होतं.

तिने ओढणी पुन्हा तोंडावर ओढली. सासूबाई म्हणाल्या, "पोरीला श्वास तरी घिऊ दे."

"दर्शू, काय लावत होतीस?"

"तुझं क्रीम."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून. कॅम्पला नेता आलं नाही, तू सारखी समोर होतीस. पाचव्या दिवशी हे सुरू झालं."

"मला न विचारता? घातक असतं ते! तुला कुणी सांगितलं लावायला?"

तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, अगदी साध्या आवाजात, भांडायचं म्हणून नाही, "आई, तूच तर सगळ्यांना देतेस."

मी खाली बसले. फरशीवरच.

तेज आलंय म्हणून मिरवत होते मी. तेज!

२८ डिसेंबर

सकाळी पहिल्या नंबरला दर्शूला घेऊन डॉक्टर ऋतांकडे. तिचं तपासून झालं. तिचं लवकर बरं होईल म्हणाल्या, चारच महिने झालेत. मग मी दर्शूला बाहेर बसायला सांगितलं.

"मी विकते," मी म्हटलं. "विकत होते. तुम्हाला खोटं सांगितलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती जणींना?"

बोटांवर मोजायला गेले, बोटं पुरली नाहीत. एकोणीस.

त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "ह्या एकोणीस जणी माझ्याकडे आल्या तर मला कधीच कळणार नाही कुठून आल्या. तुम्हाला माहीत आहे. तुम्ही पाठवू शकता." मग औषध प्रशासनाकडे तक्रार कशी करायची तेही त्यांनी एका कागदावर लिहून दिलं.

घरी आल्यावर सासूबाईंपुढे रडले. म्हटलं, पोरीचं तोंड बिघडवलं, धंदा बिघडला, नवरा तर जवळही येत नाही माझ्या.

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "येडी हायस का? त्याच्या अंगाला मिरचीचा धुरळा असतूय. पहिल्या दिशी तू शेजारी बसल्यावर कळवळलीस, ते बघितलं त्यानं. तवापासनं मार्केटातनं न्हाऊन येतोय. सतरंजी बी तेच. केसातनं जात न्हाई म्हणतोय."

"मग मला सांगायचं ना!"

"त्यो सांगतोय व्हय कधी काही?"

संध्याकाळी हे आले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ते सरकायला लागले. मी म्हटलं, "बसा गप." बसले.

३१ डिसेंबर

सुधीर आला, नवीन माल घेऊन. मी कपाटातल्या डब्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. म्हटलं, "ह्यातल्या चार तक्रारीसोबत जाणार आहेत. बाकीच्या डॉक्टरांकडे देणार. तुमची पुढची ऑर्डर बंद."

"मॅडम, काय मजाक करताय. पूर्ण नवी मुंबई विकते हे."

"मी नाही विकणार."

"तुम्हाला सूट झालं नसेल. एकीला झालं म्हणून काय सगळ्यांना होतं काय?"

हेच मी वहीत लिहिलं होतं. माझंच वाक्य त्याच्या तोंडून आलं.

"ह्यात काय काय आहे ते लिहून द्या," मी म्हटलं. "सही करून. मग परत चालू करते."

त्याने बॅग उचलली. जाताना म्हणाला, तक्रारीत नाव टाकलंत तर बघा हं. मी म्हटलं, माझंही टाकलंय.

ते तोपर्यंत टाकलं नव्हतं. तो गेल्यावर टाकलं.

४ जानेवारी

अरुणाताईंच्या घरी गेले. श्रुतीही होती. मास्क काढला आणि सगळं सांगितलं. श्रुतीची तिसरी डबी चालू होती; डिसेंबरात तीही मीच दिली होती.

अरुणाताईंचा पहिला प्रश्न, "आता बंद केलं तर लग्नात कसं दिसेल?"

"सांगता येत नाही. महिनाभर तरी त्रास होईल. लग्नाला सात आठवडे आहेत."

"मग लग्न होईपर्यंत लावू दे. नंतर बंद करू. सात आठवड्यांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

मी म्हटलं, "मी देणार नाही, ताई. आणि दुसरीकडून आणून लावू नका, हात जोडते."

"तू हात जोडतेस? तूच दिलंस ना?" अरुणाताईंचा आवाज चढला. "माझ्या मुलीच्या लग्नाचं वाटोळं करून आता उपदेश करायला आलीस?"

श्रुती उठून आत गेली आणि उरलेली डबी आणून माझ्या हातात दिली.

"श्रुती!" अरुणाताई म्हणाल्या.

"आई, उजळ मी तुझ्यासाठी होत होते. अभिरामने कधी म्हटलं नव्हतं." मग मला विचारलं, "रात्री काय लावायचं?"

१८ जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी पार्लरमध्येच करते. ह्या वर्षी एकोणीस जणींना फोन करून बोलावलं. चौदा आल्या. दर्शू आली, स्वतःहून. म्हणाली, मी पण ओढणी घेणार नाही.

हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. मग शटर अर्धं खाली घेतलं, सगळ्या ट्यूबलाइट लावल्या आणि मास्क काढला.

तीन आरशांत मीच मी.

भाषण पाठ केलं होतं, ते विसरले. एवढंच म्हटलं, "हे नाइट क्रीमने झालंय. मी तुम्हाला दिलं तेच. माझं अडीच महिन्यांत एवढं सुधारलंय, आधी ह्याच्यापेक्षा वाईट होतं. ही माझी मुलगी. हिचंही तेच. तुमच्यातल्या ज्या अजून लावताय, त्यांनी डॉक्टरकडे चला. मी बरोबर येते."

एक जण म्हणाली, "म्हणजे तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं. नाव नसलेली डबी मी चार वर्षं विकली आणि एकदाही विचारलं नाही."

दोघी उठून गेल्या. एक दारात थांबून जे बोलली ते लिहीत नाही. तिचा हक्क होता. उरलेल्यांपैकी कोपऱ्यातली एक बाई, कामोठ्याहून येते, हळूच म्हणाली, "माझं तोंड सहा महिने जळतंय. मला वाटलं माझाच काहीतरी दोष." तिने हात गालाला लावला आणि तसाच ठेवला. मग दुसरी बोलली. मग सगळ्याच एकदम.

वाण म्हणून जेलीच्या डब्या दिल्या. बिनवासाच्या, साध्या, औषधाच्या दुकानातून आणलेल्या. सासूबाई एकेकीच्या हातात देत सांगत होत्या, "ओल्या तोंडाला लावायची बरं का. तुरीएवढी. उगं भाकरीला लोणी लावल्यागत थापू नका. न् तेलकट तोंडाची असलीस तर आधी डॉक्टरला इचार."

मी त्यांना हे कधी शिकवलं होतं?

२ फेब्रुवारी

नऊ जणी डॉक्टरांकडे जाऊन आल्या. पार्लर मात्र रिकामं. कुणीतरी ग्रुपवर टाकलंय की ह्या पार्लरमध्ये तोंड जाळतात. खोटं नाही, म्हणून उत्तरही दिलं नाही. दिवसभरात दोन आयब्रो. रिकामी खुर्ची पुसून पुसून चकचकीत झाली.

श्रुतीचा फोन आला. फार भडकलंय. तिला काय सांगावं कळेना, मग म्हटलं, थांब, येते. माझी नोव्हेंबरची पानं तिला वाचून दाखवली. हो, ह्याच वहीतली, कुणालाच न दाखवायची. बारा तारखेचं पान ऐकून ती रडता रडता हसली. "म्हणजे तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा. तू नको."

अरुणाताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. पण चहा आला, दोन कप.

१३ फेब्रुवारी

श्रुतीचं उतरायला लागलं! दर्शूचं तर जवळजवळ गेलं. आज तिने कॉलेजला जाताना आरशात बघितलं आणि म्हणाली, "आधीचाच रंग आला." मी घाबरून विचारलं, वाईट वाटतंय का? तर म्हणाली, "नाही गं. ओळखीचं वाटतंय."

२२ फेब्रुवारी

आज लग्न झालं. आत्ताच घरी आले, सगळं ताजं आहे तोवर लिहिते.

पहाटे अरुणाताईंचा फोन. महिना-दीड महिन्यात त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. "श्रुती दुसऱ्या कुणाकडून तयार व्हायला तयार नाही. ये."

हॉलवर गेले. श्रुतीचा डावा गाल अजून थोडा लालसर होता, आणि डॉक्टरांनी अजून कसलाच थर लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं. माझी पेटी मी उघडली आणि निम्मी सामग्री परत आत ठेवली. नेहमी नवरीला दोन तास लागतात. आज चाळीस मिनिटं. डोळ्यांना काजळ, भुवया नीट केल्या, ओठांना थोडा रंग, कपाळावर कुंकू, मुंडावळ्या. गाल तसेच. रात्रीच्या जेलीने कातडी मऊ झाली होती, तेवढी चमक पुरे होती.

नवरदेवाची एक मावशी आत आली, बघून थबकली. "हे काय, नवरीचा मेकअप करायचा राहिलाय का?"

खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. अरुणाताईंचा चेहरा पडला. मी तोंड उघडणार, तोच श्रुती म्हणाली, "राहिला नाही, मावशी. काढून टाकलाय." आणि हसली. ते तिचं हसू.

मावशी जवळ आली, श्रुतीची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि म्हणाली, "अभिरामने फोटो दाखवला होता तेव्हा अशीच होतीस. मधे साखरपुड्याला कुणीतरी दुसरीच बसवल्यासारखी वाटत होती."

अंतरपाट धरला तेव्हा मी मागे खांबाजवळ उभी होते, नेहमीसारखी. काम झालं की पार्लरवाली मागेच असते. अक्षता टाकल्या. अंतरपाट दूर झाला आणि अभिराम श्रुतीकडे बघून असा काही हसला की माझ्या शेजारच्या अनोळखी बाईने डोळे पुसले.

नंतर अरुणाताई गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आल्या. मला वाटलं काहीतरी राहिलं. त्यांनी माझ्या हाताला धरलं आणि थेट स्टेजवर नेलं. फोटोवाला म्हणाला, "फक्त घरचे." अरुणाताई म्हणाल्या, "मग मी काय बाहेरची आणली का?"

मी उभी राहिले. मास्क नाही, पावडर नाही, काही नाही. गालावर दोन बारीक लाल शिरा अजून आहेत, त्या राहतील म्हणतात डॉक्टर. राहू देत. फोटोवाल्याने बल्ब तोंडावर आणला आणि मी मान वर केली.

ह्यांनी खालून मोबाइलवर फोटो काढला. आला तो सगळा हललेला. मी म्हटलं, एक फोटो नीट येत नाही? म्हणाले, "डोळ्यात काहीतरी गेलं तवा." लग्नाच्या हॉलमध्ये कसली मिरची?

११ मार्च

खुर्च्या आता फार वेळ रिकाम्या राहत नाहीत. कामोठ्याच्या बाई त्यांच्या बिल्डिंगमधल्या तिघींना घेऊन आल्या. औषध प्रशासनाचे दोन जण येऊन जबाब घेऊन गेले. सुधीर ह्या भागात दिसत नाही. बोर्डावरचा माझा फोटो काढून टाकला. दर्शू म्हणते नवीन लाव, आत्ताचा. बघू.

आज दुपारी एक बाई दारात आली. हिरवं लुगडं घट्ट कसलेलं, केसात अबोली, हातात प्लास्टिकची पिशवी. मागे तिची मुलगी, वीस-बाविशीची, तोंडावर रुमाल. बाई आत येईना. दारातूनच तिने तिन्ही आरसे बघितले, मला बघितलं आणि म्हणाली, "खरा सांगनारी पार्लरवाली हितंच हाय का?"

मला आधी कळलंच नाही. "कोण पाहिजे?"

"आमी मोऱ्याच्या, बंदरावरच्या. तुमची ती श्रुती, नवीन सून आली ना उरनला, ती आमचेकडून मासली घेते. ती बोलली, जुईनगरला जा, ती बाई खोटा बोलनार नाय." तिने मुलीला पुढे ढकललं. "हिला बघ ना जरा. काय लावते, मना सांगत नाय."

मी हातातला कंगवा ठेवला. अकरा वर्षांत बायका माझ्याकडे गोरं करायला आल्या, केस सरळ करायला आल्या, लग्नाला उभं करायला आल्या. ह्या कामासाठी कुणी समुद्राकाठून एवढ्या लांब आलं नव्हतं.

"हो, हितंच," मी म्हटलं. "या आत."

मुलीला खुर्चीत बसवलं. लाइट लावला. तिच्या रुमालाला मी हात लावला नाही, तो तिचा तिने काढू दे. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले, माझा चेहरा तिला नीट दिसेल असा.

"आधी माझं ऐक," मी म्हटलं. "मी चार वर्षं काय लावलं ते सांगते. मग तू सांग."

मी सांगायला लागले. निम्म्यावर आले असेन, तेव्हा तिने रुमाल सोडला.